बारा ग्रंथालयांची सामाईक यादी आणि पुस्तकांची फिरती : सुरुवात कुठून करावी? (नागपूर जिल्हा)

काटोलनाका (प्रश्न)

नमस्कार मंडळी. नागपूर जिल्ह्यातल्या बारा अनुदानित सार्वजनिक ग्रंथालयांनी एकत्र काम करायचं ठरवलं आहे. तीन शहरातली, बाकीची काटोल, नरखेड, कळमेश्वर, उमरेड, भिवापूर, कामठी, रामटेक या भागातली. शासनाने अनुदानासाठी ठरवलेल्या वर्गांप्रमाणे ‘अ’ वर्गाची, म्हणजे सर्वांत मोठी, दोन, ‘ब’ तीन, ‘क’ चार, ‘ड’ तीन. सगळे मिळून नव्वद हजारांच्या आसपास ग्रंथ. चार ठिकाणी संगणकावर यादी आहे, तीही चार तऱ्हेची. बाकीकडे दाखल रजिस्टर, म्हणजे आलेलं प्रत्येक पुस्तक क्रमांक देऊन चढवायची वही.

अमेरिकेत प्रादेशिक सहकार संस्था सदस्य ग्रंथालयांना सामाईक तालिका (ग्रंथांची यादी), पुस्तकं पोचवणारी गाडी, एकत्र खरेदी, कर्मचाऱ्यांचं प्रशिक्षण असा आधार देतात. तसं काही आपल्याकडे लहान प्रमाणात उभं करायचं आहे. वेगळी संस्था नोंदवावी लागेल का? सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं? एकाचं पुस्तक दुसऱ्याकडे असताना अनुदानाची तपासणी आली तर काय दाखवायचं? आणि खर्च कसा वाटायचा? ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयांना जड जाऊ नये ही मुख्य काळजी आहे.

दाखलनोंद

भाऊ, सॉफ्टवेअरचं मागाहून पाहू. तपासणीचा प्रश्न तुम्ही तिसरा टाकला, पण सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे.

१९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली अनुदान प्रत्येक ग्रंथालयाला स्वतंत्र मिळतं आणि संग्रह ज्याच्या त्याच्या संस्थेची मालमत्ता असतो. पुस्तक कितीही गावं फिरलं तरी दाखल क्रमांक मालकाचाच राहिला पाहिजे. यासाठी सर्वांत सरळ वाट म्हणजे बाराही ग्रंथालयांनी एकमेकांना ‘संस्था सभासद’ करून घेणं. मग बाहेर गेलेलं पुस्तक हे रीतसर देवघेवीत गेलेलं पुस्तक ठरतं.

त्याची नोंदवही वेगळी ठेवा. रकाने एवढेच: तारीख, मालक ग्रंथालयाचा दाखल क्रमांक, ग्रंथनाम, कोणाकडे गेलं, पावती क्रमांक, परतीची ठरलेली तारीख, प्रत्यक्ष परत आल्याची तारीख, शेरा. पावती दोन प्रतींत, घेणाऱ्या ग्रंथपालाची सही आणि शिक्का असलेली. पडताळणीत कपाटात पुस्तक नसेल तर ही वही आणि ही पावती पुढे ठेवता येते. योजना सुरू करण्याआधी जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांना ठरावाच्या प्रतीसह लेखी कळवा आणि पोच घेऊन फायलीला लावा.

सगळ्यात महाग पडणारी चूक अशी: घेणाऱ्या ग्रंथालयात नवा माणूस टेबलावर असतो, आलेल्या पेटीतली पुस्तकं त्याला नवी खरेदी वाटतात, तो आपला शिक्का मारून दाखल रजिस्टरात चढवतो. आता एकच प्रत दोन संग्रहांत मोजली जाते. ती नोंद काढायची तर निर्लेखनाचा (पुस्तक संग्रहातून कमी करण्याचा) ठराव, कारणं, सगळी पत्रं. म्हणून बाहेरून आलेल्या पुस्तकावर शिक्का मारायचा नाही, आपलं लेबल चिकटवायचं नाही. फक्त आत रंगीत चिठ्ठी. प्रत्येक ग्रंथालयाचा एक रंग ठरवून टाका, कपाटाकडे नुसतं पाहूनही कळतं.

नोंदणीबद्दल. पहिली दोन वर्षं वेगळी संस्था काढू नका. प्रत्येक कार्यकारी मंडळाचा ठराव आणि बारा जणांचा मिळून एक करारनामा पुरतो. मुद्रांक आता पाचशेचा लागतो, शंभरचा ऑक्टोबर २०२४ पासून चालत नाही. करारात या गोष्टी हव्यात: मुदत ३० दिवस, हरवलं तर तीच आवृत्ती विकत आणून द्यायची, बाजारात नसेल तर किंमत कोण ठरवणार त्याचं उत्तर, संदर्भग्रंथ, दुर्मिळ ग्रंथ आणि नियतकालिकांचे बांधीव अंक बाहेर जाणार नाहीत, बाहेर पडायचं असेल तर तीन महिन्यांची सूचना, सगळी पुस्तकं परत आणि त्या ग्रंथालयाच्या नोंदींची फाईल त्याला मोफत. हे शेवटचं कलम लोक विसरतात. मग ज्याच्याकडे सर्व्हर, त्याच्या मर्जीवर बाकीचे.

पुढे संस्था काढलीच तर १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियमाखाली, तुमची ग्रंथालयं आहेत तशीच. त्यानंतर पदाधिकारी बदलले की या १९५० च्या अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत बदल अर्ज. आणि नावात ‘सहकारी’ शब्द घालू नका. सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदणी नसलेल्यांना तो शब्द वापरायला मनाई आहे.

तालिकाताई

दादांचं म्हणणं बरोबर आहे, वही आधी. पण यादीचे काही निर्णय पहिल्याच दिवशी घ्यावे लागतात, कारण ते नंतर बदलता येत नाहीत.

पहिला निर्णय क्रमांकाचा. बाराही ठिकाणी दाखल क्रमांक १ पासून सुरू झालेले. १२५४ क्रमांकाचं पुस्तक नऊ-दहा ग्रंथालयांत असेल. सामाईक प्रणालीत बारकोड एकमेव लागतो, नाहीतर आयात करताना दुसरी नोंद नाकारली जाते. म्हणून दोन अंक ग्रंथालयाचे आणि सहा अंक दाखल क्रमांकाचे, असा आठ अंकी आकडा करा. ग्रंथालयांचे क्रमांक ०१ पासून देऊ नका, ११ पासून द्या. एक्सेल पुढचं शून्य खाऊन टाकतं: ०३००१२५४ चं ३००१२५४ होतं आणि स्कॅनरला पुस्तक सापडत नाही. ११ ते २२ ठेवले की हा त्रास मुळातच राहत नाही. बारकोडमध्ये अक्षरं नकोत, निव्वळ अंक.

दुसरं, लिपी. जुन्या याद्या श्रीलिपी, कृतिदेव असल्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना सारख्याच कळणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणा. रूपांतरानंतर रफार, ज्ञ, क्ष आणि ‘ऱ्य’ असलेले शब्द डोळ्यांनी तपासा. मोडतोड तिथेच होते. युनिकोडमध्येही एक आतली मेख आहे. ‘ॲ’ दोन तऱ्हांनी टंकता येतो: एक अखंड अक्षर, दुसरं अ वर चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. ‘ऱ्या’चंही तसंच. एका ग्रंथालयाने एक पद्धत वापरली आणि दुसऱ्याने दुसरी, तर वाचक शोधतो तेव्हा अर्धीच पुस्तकं दिसतात, आणि उरलेली दिसत नाहीत हे कोणाच्या लक्षातही येत नाही. आयात करण्याआधी ‘शोधा आणि बदला’ चालवून सगळं एका पद्धतीत आणा.

लेखकाचं नाव आडनाव आधी, मग आद्याक्षरं, प्रत्येक आद्याक्षरानंतर टिंब आणि एक जागा. हे नियमपत्रक एका पानाचं असू द्या, प्रत्येक टेबलावर चिकटवा. मराठीत जुन्या पुस्तकांना आयएसबीएन (पुस्तकाचा आंतरराष्ट्रीय ओळख क्रमांक) नसतोच, आणि २००७ च्या आधीचे दहा अंकी आहेत. त्यामुळे ‘हे तेच पुस्तक का’ हे ठरवताना नाव, लेखक, प्रकाशक आणि आवृत्तीचं वर्ष ही चारही जुळवावी लागतात. नुसतं नाव जुळवून दोन नोंदी एकत्र केल्या तर पहिली आवृत्ती आणि संक्षिप्त आवृत्ती एक होऊन बसतात.

सॉफ्टवेअर म्हणाल तर अशा कामाला कोहा. ते न्यूझीलंडमधल्या एका ग्रंथालय संस्थेने करून घेतलं, जानेवारी २००० पासून चालू आहे, परवाना शुल्क नाही. प्रत्येक ग्रंथालय एक शाखा. प्रत्येक प्रतीला दोन वेगळे रकाने असतात, ‘मालक शाखा’ आणि ‘सध्या कुठे आहे ती शाखा’. दादांच्या दाखल क्रमांकाच्या तत्त्वाला हे अगदी चपखल बसतं. दोन गोष्टी मात्र बसवणाऱ्याकडून सुरुवातीलाच करून घ्या. मराठी शोधासाठी अनुक्रमणिकेची व्यवस्था आयसीयू पद्धतीची, म्हणजे सगळ्या लिप्या हाताळणारी, हवी. मूळ मांडणी रोमन अक्षरांसाठी असते आणि तिच्यात देवनागरी शोध अडखळतो. आणि ‘स्वतंत्र शाखा’ हा पर्याय बंद ठेवा. ‘आपली माहिती सुरक्षित राहील’ म्हणून लोक तो चालू करतात, पण तो सर्व्हर वाटून घेणाऱ्या आणि पुस्तकं न वाटणाऱ्यांसाठी आहे. कोणी काय बदलू शकेल ते कर्मचाऱ्यांच्या अधिकारांतून आवळता येतं.

कपाटांना हात लावू नका. कोणाकडे ड्युई दशांश ही विषयवार आकड्यांची वर्गीकरण पद्धत, म्हणजे मराठी साहित्य ८९१.४६ आणि त्यात कादंबरी ८९१.४६३. कोणाकडे ‘क’ म्हणजे कादंबरी, ‘च’ म्हणजे चरित्र. सामाईक नोंदीत ड्युई क्रमांक एकदाच द्या आणि प्रतीच्या रकान्यात ज्याची त्याची कपाटखूण जशीच्या तशी. वर्गीकरण एक करण्याच्या हट्टापायी सहा महिने पुस्तकं जमिनीवर ढिगात राहतात.

सहकाराचा खरा फायदा इथेच आहे. ओसीएलसी ही अमेरिकेतली ग्रंथालयांची सहकार संस्था १९६७ मध्ये ओहायोतल्या ५४ महाविद्यालयांनी मिळून काढली, आणि १९७१ पासून तिथे एका ग्रंथालयाने केलेली नोंद दुसऱ्याला पडद्यावर मिळू लागली. दुसऱ्याने फक्त ‘माझ्याकडेही आहे’ एवढंच जोडायचं. तुमच्या बारांपैकी तालिकीकरण उत्तम जाणणारे दोघेजण पुरेत. नवी नोंद फक्त त्यांनी करायची, बाकी दहा ठिकाणी फक्त प्रत जोडायची. बाराही जणांना नवी नोंद करण्याचा अधिकार दिला तर सहा महिन्यांत एकाच पुस्तकाच्या पाच-पाच नोंदी होतात.

काटोलनाका

ताई, खूप मोलाची माहिती. दोन शंका. नव्वद हजार ग्रंथांची यादी व्हायला किती काळ लागेल? आणि उन्हाळ्यात वीज गेली, नेट गेलं, तर देवघेव थांबवायची का?

तालिकाताई

एक माणूस नीट नोंद करत दिवसाला ६० ते ८० ग्रंथ करतो असं धरा. ७० च्या हिशेबाने नव्वद हजारांना जवळपास १,२८५ दिवस लागतात, म्हणजे एकट्याला चार वर्षांहून जास्त. सामाईक प्रती जोडल्याने हे खाली येईल, तरी वर्षभरात होणारं काम नाही. म्हणून सगळं एकदम करू नका. नवी खरेदी आजपासून, मग गेल्या पाच वर्षांची, मग ज्या विषयात ज्याचा संग्रह चांगला तो विषय.

वीज गेली तर देवघेव कागदावर चालू ठेवा: वेळ, सभासद क्रमांक, बारकोड, ‘दिलं’ की ‘घेतलं’. वीज आल्यावर ज्या क्रमाने घडलं त्याच क्रमाने भरा. क्रम उलटला तर सकाळी परत आलेलं आणि दुपारी दुसऱ्याला दिलेलं पुस्तक प्रणालीत ‘परत आलं’ असं दिसतं आणि वाचकाकडचं येणं पुसलं जातं. बॅकअप आपोआप होतो पण त्याच सर्व्हरवर पडून राहतो, तोही मोजक्या दिवसांचा. आठवड्यातून एकदा दुसऱ्या गावी उतरवून घ्या आणि तीन महिन्यांनी एकदा तो खरोखर उघडतो का ते पाहा.

पेटीबंद

ताईंचा आदर ठेवून वेगळं मत मांडतो. यादी पूर्ण व्हायची वाट न पाहता फिरत्या पेट्यांपासून सुरू करा. त्यासाठी फक्त त्या पेटीतल्या ४० पुस्तकांची यादी लागते. बालसाहित्य, चरित्रं, शेती, आरोग्य अशा बारा पेट्या. प्रत्येक ग्रंथालयाने आपल्याच संग्रहातून एक भरायची. दर दोन महिन्यांनी पुढच्या गावी, म्हणजे करारातली ३० दिवसांची मुदत पेट्यांना लावायची नाही. दोन वर्षांत सगळ्यांकडे सगळ्या फिरतात आणि ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात, स्वतःची सोडून, ४४० वेगळी पुस्तकं येऊन जातात. स्पर्धा परीक्षेची पुस्तकं पेटीत घालू नका, ती एकाच वेळी बाराही ठिकाणी हवी असतात. ती ज्याने त्याने विकत घ्यावी.

पेटी कसली? भाजीचा प्लास्टिक क्रेट चालतो, पण बंद भिंतींचा घ्या. जाळीच्या क्रेटमध्ये धूळ आणि पाऊस दोन्ही शिरतात. आतून साधारण ५४ बाय ३६ सेंटिमीटर असला की डेमी (नेहमीच्या कादंबरीच्या) आकाराच्या पुस्तकांच्या चार चळती बसतात, प्रत्येकीत दहा. दोनशे पानांचं पुस्तक पाव किलोचं, म्हणजे चाळीस पुस्तकं दहा किलो, क्रेट धरून बारा. एकट्या शिपायाला उचलता येईल एवढंच वजन ठेवा. साठ पुस्तकं कोंबली की पेटी आपटून ठेवली जाते. पुस्तकं आडवी रचा, एकाआड एक कणा उलट दिशेला, म्हणजे चळत कलत नाही. मोकळ्या जागेत वर्तमानपत्राचे बोळे. कडा खाली आणि कणा वर असं उभं पुस्तक कधी ठेवू नका: पानांचा सगळा भार कण्याला लोंबतो आणि दोन-तीन फेऱ्यांत पुठ्ठा सुटतो. झाकणाच्या आत यादी, पेटी उघडणाऱ्याने आणि बंद करणाऱ्याने दोघांनी मोजून सही करायची. ही मोजणी टाळली की हरवलेलं पुस्तक कोणत्या गावी हरवलं हे कधीच कळत नाही.

मार्ग नकाशावरून ठरवा. कळमेश्वर-काटोल-नरखेड एक, कामठी-रामटेक दुसरा, उमरेड-भिवापूर तिसरा. तिन्ही नागपुरात येऊन मिळतात, म्हणून शहरातलं एक ग्रंथालय बदलीचं ठाणं करा. दोन महिन्यांतून तीन फेऱ्या. मधेच एखादं पुस्तक तातडीने हवं असेल तर गाडी काढू नका, डाकघराची ज्ञान पोस्ट आहे, मे २०२५ पासून: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, ५ किलोपर्यंत १००. जमिनीवरून जातं म्हणून वेळ लागतो, पण माग काढता येतो. नियतकालिकं त्यात चालत नाहीत.

आता ज्याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात ते. पेटीबरोबर कसरही फिरते. एका गावची कीड बारा गावी पोचवायला एक फेरी पुरते. आलेली पेटी थेट कपाटाशी नेऊ नका. उजेडात उघडा, पुस्तक अर्ध्यावर उघडून शिलाईच्या घळीत पाहा, कणा बोटाने टिचकी मारून पांढऱ्या कागदावर झटका. पिठासारखी बारीक भुकटी पडली की ते पुस्तक वेगळं. पॉलिथिनच्या पिशवीत हवा काढून घट्ट बंद करा आणि उणे १८ अंशांच्या डीप फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच फोडू नका, चोवीस तास तशीच राहू द्या, नाहीतर थंड कागदावर दमट हवेचं पाणी धरतं. घरच्या फ्रिजचा बर्फाचा कप्पा पुरेसा थंड राहत नाही. एक फ्रीजर बारांत मिळून घेता येतो. उधई लागलेल्या ग्रंथालयाची पेटी मात्र बंदोबस्त होईपर्यंत थांबवाच.

बांधणीही एकत्र द्या, पण लॉट फेब्रुवारी ते मे मध्ये. पावसाळ्यात खळ वाळत नाही आणि पुठ्ठ्याच्या आत बुरशी धरते. कीड धरू नये म्हणून खळीत मोरचूद घालतो का, हे बाइंडरला आधी विचारा.

हिशेबवही

पैशांचं बोलतो. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९७७ चा ८९ क्रमांकाचा कायदा आहे, त्यात राज्याची मदत ग्रंथालयांना आणि सहकार संस्थांना, दोघांनाही मिळते. आपल्याकडे अनुदान ग्रंथालयाला मिळतं. दोन ग्रंथालयांमधल्या रस्त्याचा खर्च सदस्यांनाच उचलावा लागेल हे धरून चाला.

समजा वर्षाचा खर्च ७२,००० रुपये: सर्व्हर, फेऱ्या, पेट्या. अर्धा भाग स्थिर, वर्गाप्रमाणे ४:३:२:१. तुमची संख्या घेतली तर अ चे ८, ब चे ९, क चे ८, ड चे ३, एकूण २८ हिस्से. ३६,००० भागिले २८ म्हणजे हिस्सा १,२८६. ‘ड’ ला तेवढेच, ‘अ’ ला ५,१४३. उरलेला अर्धा भाग वापरावर. पेट्या यात धरायच्या नाहीत, फक्त मागणीवरून गेलेली पुस्तकं. वर्षात १,८०० गेली असं धरा. घेणाऱ्याने पुस्तकामागे २५ रुपये द्यायचे, त्यातले ५ देणाऱ्याच्या खात्यात वजा. ४५,००० मधून ९,००० गेले, ३६,००० उरले.

हे पाच रुपये किरकोळ वाटतात, पण तेच योजना धरून ठेवतात. मोठा संग्रह असलेलं ग्रंथालय सतत देतच राहतं आणि तिसऱ्या वर्षी त्याचं मंडळ विचारतं, ‘आपल्याला काय मिळालं?’ ‘अ’ वर्गातल्या अशा ग्रंथालयाने ९०० पुस्तकं दिली असतील तर ४,५०० वजा होऊन त्याचा स्थिर वाटा ६४३ वर येतो. हा तक्ता दर तिमाहीला बाराही मंडळांना पाठवा.

कोणा एकाच्या बँक खात्यात सगळ्यांचे पैसे जमा करू नका. अनुदानित संस्थेच्या लेखापरीक्षणात ते उत्पन्न दिसतं. सर्व्हरवाल्याने, गाडीवाल्याने ज्याच्या त्याच्या हिश्श्याचं वेगळं बिल त्या ग्रंथालयाच्या नावे करावं. एकत्र ग्रंथखरेदीतही हेच. सवलत बारांच्या एकत्रित मागणीवर ठरवून घ्या, पण बिलं बारा, प्रत्येकावर सवलत वेगळी दाखवलेली, आणि रक्कम बँकेतूनच. एकच मोठं बिल करून त्याच्या छायाप्रती वाटल्या तर दाखल रजिस्टरात बिल क्रमांक आणि किंमत जुळत नाही. मागणी पक्की करण्याआधी बाराही याद्या समोरासमोर ठेवा: एकाच महागड्या संदर्भग्रंथाच्या पाच प्रती येणार असतील तर दोन घ्या, एक शहरात आणि एक काटोल किंवा उमरेडला. हे दोन ग्रंथ बाहेर जात नाहीत, म्हणून लागतील ती पानं तिथूनच पाहून दूरध्वनीवर सांगायची सोय ठेवा.

काटोलनाका

सर्वांचे मनापासून आभार. पुढच्या बैठकीत ठरावाचा मसुदा, अकरा ते बावीस क्रमांकांचं वाटप आणि पहिल्या चार पेट्यांचे विषय हे तीनच मुद्दे ठेवतो. पेटीबंद दादा, फ्रीजर किती लिटरचा घ्यावा?

पेटीबंद

एक पूर्ण क्रेट न उपसता आत मावेल असा, वरून उघडणारा, दोनशे-अडीचशे लिटरचा. मात्र विकत घ्यायला जाताना क्रेटची मापं लिहून न्या. खाली काँप्रेसरचा जो उंचवटा असतो तो सोडून तळाची सपाट जागा मोजा. लिटरचा आकडा पुरेसा असूनही क्रेट नेमका तिथेच अडतो.